गोळी किती कडक असावी?

९ जुलै १७७६ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनच्या फौजेसमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि रात्री जमावानं बोलिंग ग्रीनमधला तिसऱ्या जॉर्ज राजाचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा होता, वर सोन्याचा मुलामा. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वॉल्कॉट यांच्या घरी पोचले. तिथं बायकामुलांनी ते वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. किती ओतल्या याचा हिशेबही लिहून ठेवलेला आहे: ४२,०८८. राजाच्या पुतळ्यातलं शिसं नरम होतं की कडक, त्यात कथील किती, हे कुणी विचारलं नाही. विचारण्याची गरजही नव्हती. गुळगुळीत नळीच्या त्या बंदुकांना कसलंही शिसं चालत असे.

त्यानंतर तीस वर्षं उलटायच्या आत लुईस आणि क्लार्क पश्चिमेकडचा मुलूख धुंडाळायला निघाले. दारू भिजू नये म्हणून लुईसनं ती शिशाच्या डब्यांत भरून घेतली होती. डबे बावन्न. प्रत्येकात चार पौंड दारू, आणि डब्याचं स्वतःचं वजन आठ पौंड. म्हणजे डब्यातली दारू संपली की तोच डबा वितळवायचा, आणि जितकी दारू तितक्याच गोळ्या. इतका काटेकोर सामानसुमानाचा विचार क्वचितच वाचायला मिळतो.

घरी गोळ्या ओतण्याची ही अमेरिकी सवय अजून मोडलेली नाही. स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतायला तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. विकायच्या म्हटल्या तर लागतो. हरणाच्या हंगामाआधी कित्येक गॅरेजांत आणि परसातल्या शेडमध्ये बिडाची भांडी तापतात. मात्र पुतळा वितळवणाऱ्या बायकांना जो प्रश्न पडला नाही, तो आता ओतारी मंडळींची झोप उडवतो. शिशात काय मिसळायचं, आणि किती?

प्रश्न वेगामुळे आला. काळ्या दारूच्या जमान्यात गोळी सेकंदाला तीन-चारशे मीटरनं जायची आणि शुद्ध शिसं ते सहज सोसायचं. उलट नरमपणाच कामाचा होता. फ्रान्सच्या मिनिए यानं १८४९ मध्ये जी लांबट, बुडाशी पोकळ गोळी आणली, ती बार उडताच बुडाशी फुलून नळीतल्या पीळदार खाचांत घट्ट बसायची, आणि ते शुद्ध शिशालाच जमे. आपल्याकडे १८५७ साली आलेली एनफील्ड याच घराण्यातली. त्या काडतुसाच्या चरबीबद्दल शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. गोळीतल्या शिशाची चौकशी कुणी करत नाही. (ओतीव गोळीला चरबी किंवा मेण आजही लागतं. तिच्या कमरेला असलेल्या खाचांत मधमाशीचं मेण मिसळलेलं वंगण भरतात.)

मग १८८६ मध्ये फ्रेंचांची लेबेल रायफल धूरविरहित दारू घेऊन आली आणि वेग सहाशे मीटरच्या पुढे गेला. एवढ्या वेगात आणि दाबात नरम शिसं नळीच्या खाचा धरू शकत नाही. ते खरवडलं जातं, नळीला आतून शिशाचा लेप बसतो आणि नेम वाऱ्यावर जातो. यावर कारखान्यांना सापडलेला उपाय म्हणजे शिशाला तांब्यासारख्या धातूचं कवच चढवणं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिननं तो १८८२ मध्येच करून ठेवला होता. घरच्या ओताऱ्याला कवच चढवणं अवघड. त्याच्यापुढे एकच वाट उरते, शिसंच कडक करायचं.

इथे पेच सुरू होतो. नळीला कडक गोळी हवी आणि हरणाला नरम. गोळी जनावरात शिरल्यावर थोडी फुलली, पसरली, तरच जखम मोठी होते आणि जनावर लवकर मरतं. फार कडक गोळी सुईसारखी आरपार जाते. हरीण दोन डोंगर ओलांडून कुठंतरी झुडपात तासन्‌तास तडफडतं आणि शिकाऱ्याला सापडतही नाही. याचा एक दाखला आपल्या देशातलाच आहे. ब्रिटिश फौजेची पूर्ण कवचाची .३०३ गोळी सरहद्दीवरच्या टोळीवाल्यांना थोपवत नाही अशी तक्रार आली, तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम दारूगोळा कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यानं कवचाचं टोक उघडं ठेवलं, जेणेकरून आतलं शिसं फुलावं. १८९९ च्या हेग परिषदेनं अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीला नेमका उलटा नियम आहे: फुलणारीच गोळी वापरा, पूर्ण कवचाची चालणार नाही. माणसाला मारताना जे क्रौर्य, तीच जनावराला मारताना दया. यात विसंगती शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावी. मला दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर वाटतात.

पश्चिम पेनसिल्व्हेनियात, जिथं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांसाठी शाळा बंद ठेवण्याची प्रथा आहे, अशा भागातला एक निवृत्त यंत्रकारागीर मला त्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. कपाटात शिशाच्या विटा रचलेल्या, प्रत्येकीवर खडूनं काहीतरी लिहिलेलं. टेबलावर चित्रकाराच्या पेन्सिलींचा एक संच. मला वाटलं नातवंडांचा असेल. तो म्हणाला, "हे माझं मोजमाप. अगदी नरम पेन्सिलीपासून सुरुवात करायची. जिनं शिशावर पहिला ओरखडा उठतो, तिच्यावरून कडकपणा कळतो. शुद्ध शिशाला तर पेन्सिलही नको, नख पुरे."

शास्त्रशुद्ध मोजायचं तर ब्रिनेलचं माप आहे. ठरावीक वजनानं पोलादाचा गोळा धातूवर दाबायचा आणि खळगा मोजायचा. शुद्ध शिसं ५. वीस भाग शिशाला एक भाग कथील मिसळलं की १० च्या आसपास. लायमन कंपनीच्या पुस्तकांतून प्रसिद्ध झालेलं 'नंबर दोन' मिश्रण, म्हणजे ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी, १५ ला येतं. आणि छापखान्याचा लिनोटाइप धातू २२ ला.

या लिनोटाइपपाशी मराठी वाचकानं जरा थांबावं. १८८६ मध्येच, न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या कचेरीत ओटमार मर्गेनथालरचं यंत्र सुरू झालं. ते अक्षरांची आख्खी ओळ एका पट्टीत ओतायचं. त्यासाठीचा धातू ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. हे प्रमाण कुणी लहरीनं ठरवलेलं नाही. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, अँटिमनी ६३० ला. पण या प्रमाणात तिन्ही एकत्र आले की मिश्रण साधारण २४० अंशांनाच पाण्यासारखं होतं आणि थंड होताना एकदम गोठतं. शिवाय अँटिमनीमुळे धातू गोठताना फारसा आकसत नाही, म्हणून अक्षराची कड रेखीव उमटते. हातानं जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनी आणखी जास्त, वीस टक्क्यांच्या पुढेमागे. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो शिशाच्या खिळ्यांवर, आणि त्यानंतर कित्येक दशकं आपले अंक जुळाऱ्यांनी शिसं-अँटिमनीच्या खिळ्यांतूनच उभे केले. रफाराचं नाजूक टोक हजारो प्रती निघाल्यावरही मोडत नसे, ते या अँटिमनीच्या जोरावर.

मग फोटोटाइपसेटिंग आलं. न्यूयॉर्क टाइम्सनं जुलै १९७८ मध्ये गरम धातूवरची शेवटची रात्र काढली. देशभरच्या छापखान्यांतून टनावारी लिनोटाइप भंगारात निघाला आणि गोळ्या ओतणाऱ्यांची चैन झाली. स्वस्त, चकचकीत, साच्यात सुरेख भरणारा धातू. त्या पिढीला कडकपणाचं जे वेड लागलं, त्याचं मूळ मला या भंगाराच्या ढिगात दिसतं. कागदी निशाणावर लिनोटाइपच्या गोळ्या छान चालतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर मात्र त्या फुलण्याऐवजी काचेसारख्या फुटू शकतात, कारण बारा टक्के अँटिमनी धातूला कडक करता करता ठिसूळही करतं. त्याच साच्यातून लिनोटाइपची गोळी शुद्ध शिशापेक्षा हलकी निघते आणि किंचित जाडही. शहाणे ओतारी आता लिनोटाइपची पट्टी तिखटमिठासारखी वापरतात: नरम शिशात थोडी.

कथिलाचं काम वेगळं. आपल्याकडे कल्हई करणाऱ्याच्या हातातलं कथील तापल्या पितळेवर कसं झरझर पसरतं ते आठवा. शिशात दोनेक टक्के कथील घातलं की रस साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो आणि गोळीच्या कडा भरीव येतात. याहून जास्त घालण्यात फारसा अर्थ नाही, कारण कथील महाग. काटकसरी मंडळी जुन्या बाजारातून प्यूटरचे मग शोधून आणतात. नव्या प्यूटरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त कथीलच असतं. कथील शिशाला थोडं कडक करतं, पण ठिसूळ करत नाही. एल्मर कीथ, ज्याच्या हट्टामुळे .४४ मॅग्नम हे काडतूस १९५०च्या दशकात बाजारात आलं, तो स्वतः सोळास एक असं शिसं-कथील ओतायचा.

पण गेल्या पन्नास वर्षांचा खरा आधार ना शुद्ध शिसं होतं ना लिनोटाइप. गॅरेजात टायर बॅलन्स करताना रिमला जी छोटी वजनं ठोकतात, ती. त्यांत साधारण तीन-चार टक्के अँटिमनी, अर्धा टक्का कथील आणि किंचित आर्सेनिक. नुसतीच वितळवून ओतली तर कडकपणा ९ ते १२. आणि साच्यातून गरमागरम गोळी थेट पाण्याच्या बादलीत टाकली, तर हीच वजनं वीसच्या वर जातात. अँटिमनी आणि आर्सेनिक गरम शिशात विरघळलेले असतात, सावकाश थंड होताना वेगळे होतात. एकदम थंड केलं की त्यांना वेगळं व्हायला वेळ मिळत नाही आणि पुढच्या काही दिवसांत गोळी कडक होत जाते. अँटिमनी नसलेल्या शिशाला पाण्यात टाकून काही उपयोग नाही.

टायरवाल्यांनी ही वजनं पूर्वी बादलीनं फुकट दिली. आता दिवस फिरले. युरोपीय संघानं मोटारींच्या चाकांवरून शिशाची वजनं २००५ मध्ये काढली, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी थोड्या वर्षांनी. बादलीत आता जस्ताची आणि लोखंडाची वजनं मिसळलेली येतात. लोखंड तरंगतं, वरून काढून टाकता येतं. जस्त मात्र घातकी. ते ४१९ अंशांना वितळतं आणि एकदा शिशात मिसळलं की पूर्ण भांडं वाया; रस लापशीसारखा गाठाळ होतो आणि साचा भरत नाही. म्हणून पक्कडीनं एकेक वजन दाबून पाहायचं आणि भांडं चारशे अंशांच्या खाली ठेवायचं. नवशिका आणखी एक चूक करतो. वितळलेल्या रसावर करडी साय येते, ती मळी समजून काढून टाकतो. ती पुष्कळदा कथील आणि अँटिमनीच असते. थोडं मेण किंवा लाकडाचा भुसा टाकून ढवळलं की ती परत रसात जाते.

बॅटरीचं शिसं मात्र नाहीच. त्यात आम्ल असतं, संयुगं असतात, आणि जाळ्यांमधल्या आर्सेनिक-अँटिमनीपासून जीवघेणे वायू सुटू शकतात. तसाच पाण्याचा एक थेंब. वितळलेल्या शिशाच्या पोटात तो गेला तर क्षणात वाफ होऊन भांडं अंगावर उडतं.

मग हरणासाठी नेमकं काय? त्या कारागिराचं उत्तर मला पटलं, कारण त्यानं आधी प्रश्न परतवला. "नळी केवढी आणि वेग किती ते सांगा, मग धातू सांगतो." त्याची रायफल .३०-३०, १८९५ पासून चालत आलेली, अमेरिकेतल्या हरणांचा कदाचित सर्वांत जुना वैरी. ११ ग्रॅमची गोळी, बुडाला तांब्याची छोटी वाटी, वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आत. त्यासाठी तो अर्धी चाकाची वजनं, अर्धं शुद्ध शिसं आणि वर दोन टक्के कथील घेतो. कडकपणा ८ ते १०. गोळीचं तोंड चपटं. तांब्याची वाटी बुडाकडून येणारा तप्त वायू अडवते, त्यामुळे इतकी नरम गोळीसुद्धा नळीत टिकते. आणि गोळी नळीच्या मापापेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश जाड हवी. ढिली असेल तर लिनोटाइपही नळीला लेप चढवतो. "लोक कडकपणाच्या मागे लागतात," तो म्हणाला, "खरं दुखणं मापात असतं."

त्याच्या शेजाऱ्याकडे .४५-७० आहे, १८७३ ची लष्करी नळी, तोंड साडेअकरा मिलिमीटरचं. एकोणिसाव्या शतकात बायसनचे कळप संपवणाऱ्या शिकाऱ्यांच्या आवडत्या नळ्यांपैकी ही एक. एवढ्या जाड गोळीला फुलण्याची फारशी गरजच नाही, ती मुळातच मोठं भोक पाडते. तिथं वीसास एक कथील पुरे. काही हौशी तर एकाच गोळीत दोन धातू ओततात, नाकाशी शुद्ध शिसं आणि बुडाशी कडक मिश्रण. कौतुक वाटलं, तरी मला हे सोवळ्यातलं काम वाटतं. अर्ध्या-अर्ध्याचं साधं मिश्रण ज्यांना पुरत नाही, त्यांनी बहुतेक वेळा धातू नव्हे तर अंतर कमी करायला हवं.

इथवर सगळं शिकाऱ्याच्या बाजूनं झालं. शिशाची एक दुसरी बाजू आहे, आणि ती कुठल्याही मिश्रणानं सुटत नाही.

१९८२ मध्ये कॅलिफोर्निया काँडर हे महाकाय गिधाड जगात बावीस उरलं होतं. १९८७ पर्यंत उरलेले सगळे पक्षी पकडून पिंजऱ्यात पैदास केली, १९९२ पासून पुन्हा मोकळे सोडले. आज पाचशेच्या वर आहेत. पण रानातले काँडर मरण्याचं सर्वांत मोठं कारण शिसं हेच राहिलं आहे. शिकारी हरणाचा कोथळा जंगलातच टाकतो, गिधाड तो खातं आणि गोळीचे कण पोटात जातात. वेगवान, कवचाच्या गोळीचं शिसं हरणात शेकडो सूक्ष्म तुकड्यांत विखुरतं, क्ष-किरण चित्रात जखमेपासून दूरवर ठिपके दिसतात. ओतीव, हळू जाणारी गोळी इतकी विखुरत नाही, हा ओताऱ्यांचा दावा खरा आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

२००८ मध्ये नॉर्थ डकोटात बिल कॉर्नाटझर या डॉक्टरनं गरिबांना वाटण्यासाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटं तपासली आणि बऱ्याच पाकिटांत धातूचे कण दिसले. खिम्याचं यंत्र ते कण सगळीकडे मिसळतं. पुढे राज्याच्या आरोग्य खात्यानं आणि केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेनं (सीडीसी) ७३८ लोकांचं रक्त तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं, डेसिलिटरमागे सरासरी ०.३ मायक्रोग्रॅम. आकडा छोटा आहे आणि तिथला कुणी तेव्हा मानल्या जाणाऱ्या धोक्याच्या पातळीला पोचला नव्हता. तरीही खात्यानं सल्ला दिला की गरोदर बायकांनी आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी शिशाच्या गोळीनं मारलेलं हरीण खाऊ नये. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. ओताऱ्यालाही धोका वाफेपेक्षा हाताचा जास्त. भांड्याच्या तापमानाला शिशाची वाफ फार होत नाही, पण मळीची धूळ बोटांवर बसते, आणि बोटं सँडविचवर. त्या कारागिराच्या शेडमध्ये खाण्यापिण्याला बंदी आहे आणि तो दरवर्षी रक्त तपासून घेतो. नातवंडांना आत प्रवेश नाही.

कायद्यानं शिशाविरुद्ध बाजू घेतली आहे. पाणपक्ष्यांच्या शिकारीतून शिशाचे छर्रे अमेरिकेनं १९९१ मध्येच हद्दपार केले. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, मग ती कवचाची असो की घरी ओतलेली. डेन्मार्कनं १ एप्रिल २०२४ पासून रायफलीचं शिसंही बंद केलं. पर्याय म्हणून अख्ख्या तांब्याची गोळी मिळते, चांगली फुलते आणि तुटत नाही; ती घरी ओतता मात्र येत नाही, कारण तांबं वितळायला हजार अंशांच्या वर तापमान लागतं. माझं मत विचाराल तर, जिथं गिधाडं आहेत तिथं ओताऱ्यांनी हा छंद कागदी निशाणापुरता ठेवावा. बाकी ठिकाणी निदान कोथळा पुरावा.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेची शिकार बंद आहे. तेव्हा इथल्या कुणी वाचकानं वरचे आकडे पाहून भांडं चढवू नये.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना मात्र एक सांगणं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात शेजारी किंवा ऑफिसातला सहकारी मोठ्या प्रेमानं हरणाच्या खिम्याचं पाकीट आणून देतो. त्याला संकोच न करता विचारा, गोळी शिशाची होती की तांब्याची. त्याला राग येणार नाही. हल्ली शिकारी आपापसांतही हे विचारतात. शिशाची असेल आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर आभार मानून पाकीट परत करा. मोठ्यांनाच खायचं असेल, तर खिमा न घेता जखमेपासून लांबचा, मागच्या मांडीचा अख्खा तुकडा मागून घ्या.